पांढुर्ण्याहून सौसरला, टोचन लावून

पांढुर्ण्याला जाऊन आले त्याला आता पंधरा दिवस झाले. ओळखीच्या बायका विचारतात, काय पाहिलंस तिकडं? मी सांगते, एक देव पाहिला, संत्र्यांचे बगीचे पाहिले आणि आपल्या गाडीचं पोट आतून पाहिलं. शेवटचं ऐकलं की त्या हसतात आणि विषय बदलतात. म्हणून लिहूनच काढते. कागद विषय बदलत नाही.

आधी गाडीचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पांढरी, लहान, तीन सिलिंडरची, नितीनच्या लग्नाच्याही आधीची. नितीन म्हणजे माझा मुलगा. गाडी ह्यांनी घेतली होती. हे गेल्यावर वर्षभर ती अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिली आणि तिच्यात मांजर व्यालं. मग एक दिवस मी ताडपत्री काढली आणि पन्नाशी उलटल्यावर चालवायला शिकले. शिकवणारे होते, पण शिकवणारे ओरडतात. मी एकटीच पहाटे भुसावळच्या रिकाम्या मैदानावर गोल गोल फिरायचे. बॉनेटखाली काय असतं तेही असंच शिकले, मिस्त्री लोकांच्या खांद्यावरून वाकून बघत.

मिस्त्री लोकांवर माझा भरवसा नाही, हे आत्ताच सांगून टाकते. मागं एका गॅरेजवाल्यानं माझ्या गाडीचे चांगले प्लग काढून कुणाचे तरी वापरलेले घातले असा मला दाट संशय आहे. सिद्ध काही झालं नाही. पण तेव्हापासून मी प्रत्येक प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर नातीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका देते. भांड्यांवर आपण नाव घालून घेतो ना, पंगतीत अदलाबदल होऊ नये म्हणून, तसंच.

तर माझी थोरली बहीण, कमळताई, पांढुर्ण्याला दिली आहे. तिचे यजमान रेल्वेत होते, तिगाव स्टेशनला नोकरी केली, मग पांढुर्ण्यालाच घर बांधून राहिले. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ताईचे गुडघे गेलेत. दीड वर्षापासून तिचा फोनवर एकच धोशा: मले जामसावळीच्या हनुमानाले जायचं हाय, कोणी नेत नाही. मी म्हटलं, मी येते गाडी घेऊन.

नितीन म्हणाला, "आई, ही गाडी घेऊन? साडेतीनशे किलोमीटर?"

म्हटलं, "मग काय वरातीचा घोडा घेऊन जाऊ?"

दोन दिवस घरात वाद झाला. शेवटी त्यानं अट घातली. जाण्यायेण्यात एकदाही गाडीला टोचन लावावं लागलं, म्हणजे बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीनं दोर बांधून ओढून न्यावी लागली, तर आल्याबरोबर गाडी विकायची. पुन्हा रडारड नाही. मी हो म्हटलं. हो म्हणताना मनात विचार आला, हा इतका निश्चिंत कसा? ह्याला काहीतरी माहीत आहे.

पांढुर्णा

अमरावतीला भाचीकडं मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मोर्शी, वरूड करत पांढुर्ण्याला पोचले. वरूडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्री. आमच्याकडं केळीच्या बागा डोळ्यांना गार करतात पण त्यात रंग एकच, हिरवा. इथं डिसेंबरच्या उन्हात झाडंच्या झाडं केशरी दिसतात. कुठं हद्द ओलांडली ते फक्त पाट्यांवरून कळलं. पाट्या हिंदीत झाल्या, माणसं मराठीतच बोलत राहिली. दुकानावर 'किराना' लिहिलेलं आणि आतला दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, "काय पाहिजे होतं जी?"

ताई पण आता त्यांच्यासारखीच बोलते. चाळीस वर्षांत भुसावळची बोली पार गेली. दारात उभी राहून म्हणाली, "आली का वं शकू? मी सकाळपासून वाट पाहून राहिली." मी केळ्यांचे दोन फणे आणि भरताची वांगी नेली होती. ती घेऊन तिनं आधी वांगी दाबून पाहिली. आमच्या घराण्यात हा संशयी स्वभाव दोघींकडं आलेला आहे.

जेवायला गोळाभात होता. भिजवलेल्या डाळी भरड वाटून त्याचे गोळे करतात, ते भाताबरोबर शिजवतात, वरून हिंगाचं कडकडीत तेल आणि बाजूला कढी. आमच्या वरणबट्टीसारखाच जड प्रकार, जेवल्यावर माणसाला जागेवरून हलवत नाही. ताईची सून वर्षा वाढत होती आणि मुलगा राजू, तो इथंच शाळेत मास्तर आहे, मला गाडीबद्दल विचारत होता. किती वर्षांची झाली मावशी? गरम होते का? घाटात खेचते का? मी बेतानं उत्तरं दिली. ह्या राजूनं याआधी कधी माझ्या गाडीची चौकशी केली नव्हती. मग तो फोन घेऊन ओसरीत गेला आणि मला आतून एवढंच ऐकू आलं: "हो नितीनदादा, हो, पाहतो ना मी."

आता तुम्हीच सांगा, काय पाहतो?

सकाळी उठले तर हा माझ्या गाडीपुढं उकिडवा बसलेला. खाली फरशीवर ताटाएवढा ओला डाग.

"मावशी, पाणी गळून राहिलं."

"दव आहे ते," मी म्हटलं.

"दव फक्त रेडिएटरखालीच पडलं, काऊन?"

मास्तर माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी बॉनेट उघडलं. रेडिएटरवरून इंजिनाकडं जो जाड काळा रबरी पाइप जातो, त्याच्या क्लिपपाशी थेंब धरला होता. पेचकसानं क्लिप आवळली, पाणी भरलं, थेंब थांबला. पण राजूनं तोवर निकाल देऊन टाकला होता.

"ही गाडी आज रस्त्यावर नका नेऊ. आईले मी सुट्टीच्या दिवशी नेतो."

ताई दारात उभी होती. ती म्हणाली, "दीड वर्ष झालं, तुह्या सुट्टीचा दिवस उगवून राहिला." आणि आत गेली. राजू शाळेत गेला.

मी आंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा ताई नवी साडी नेसून, पिशवीत नारळ घालून ओसरीत तयार बसलेली. पोहे खाताना तिची बोटं पिवळी दिसली. पोहे वर्षानं केले होते, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण माझा सगळा संशय राजूवर खर्च होत होता. शाळेत जाता जाता ह्यानं क्लिप ढिली तर केली नसेल, हे बघायला मी पुन्हा बॉनेट उघडलं. क्लिप घट्ट होती. निघालो.

रस्त्यावर

पहिला अर्धा तास फार सुंदर गेला. कापसाची शेतं फुटली होती, बायका ओटीला झोळी बांधून वेचणी करत होत्या. ताई काच खाली करून प्रत्येक गावाची माहिती देत होती. इथं अमकीची नणंद दिली, तिथं तमक्याची विहीर खचली. चाळीस वर्षं खिडकीत बसून तिनं ही सगळी माहिती गोळा केली असावी, कारण ती प्रत्यक्ष इथून फार वेळा गेली नव्हती.

मग एका चढावर गाडीनं गचका दिला. पुन्हा दिला. तीन पायांच्या शर्यतीत माणसं पळतात तशी ती चालू लागली. मिसिंग म्हणतात त्याला, एका सिलिंडरमध्ये आग पेटत नाही आणि बाकीचे दोन त्याला ओढत नेतात. त्याच वेळी वास आला. फोडणीत हळद जळल्यासारखा.

"कुणाच्या तरी घरी वरण करपलं," मी म्हटलं.

"करपलं असन," ताई म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. आजूबाजूला मैलभर घर नव्हतं.

काटा लाल खुणेवर गेला, बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि गाडी एका चिंचेखाली जाऊन बसली. ताई म्हणाली, झाकण उघडून थंड पाणी टाकू. मी तिचा हात धरला. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं, एवढं तरी शिकले आहे. अर्धा तास थांबलो. नंतर किल्ली फिरवली तर इंजिन खोकलं आणि गप्प झालं.

कापूस टाकून रिकामी ट्रॉली घेऊन येणारा एक ट्रॅक्टर थांबला. चालवणारा साठीचा, डोक्याला पांढरा दुपट्टा. नाव विठ्ठलराव.

"काय झालं जी?"

"काही नाही, विश्रांती घेतोय," मी म्हटलं.

त्यानं वाफेकडं पाहिलं. "गाडी बी विश्रांती घेऊन राहिली वाटते."

ताईनं त्याला सगळं सांगून टाकलं, जामसावळी, गुडघे, राजूची सुट्टी, सगळं. तो म्हणाला, सौसरच्या अलीकडंच सुखदेव मिस्त्री आहे, तिथवर ओढून नेतो. मला नितीनची अट आठवली. मी विचारलं, ढकलत नेता येईल का?

"अवं बाई, चौदा किलोमीटर?"

"मिस्त्रीला इथंच आणलं तर?"

"त्याचा सामान कोन आणन? दोर बांधतो, अर्ध्या घंट्यात पोचतो. काऊन घाबरून राहिल्या?"

मी त्याला अट सांगितली. का सांगितली कुणास ठाऊक, परक्या माणसाला सांगायला सोपं जातं. त्यानं दुपट्टा काढून तोंड पुसलं आणि विचार करून म्हणाला, "मंग पोराले सांगू नका. मी तं काही सांगत नाही. तुमच्या पोराले मी ओळखतच नाही."

"मी बी नाही सांगत," ताई म्हणाली. "शपथ."

अशा रीतीनं आम्हाला टोचन लागलं. ट्रॅक्टरमागं दोरानं बांधून गाडी चालवणं म्हणजे लग्नात नवऱ्यामागं उपरण्याची गाठ बांधून फिरण्यासारखं आहे. वेग त्याचा, ब्रेक मात्र आपण सांभाळायचा. जामसावळीचा फाटा आला. पाटीवर 'जामसांवली' लिहिलेलं. ताईनं ओढल्या जाणाऱ्या गाडीतूनच हात जोडले आणि देवाला म्हणाली, "येतो रे बाप्पा, थोडं काम निघालं." मी मात्र आरशात बघत होते. कोणी ओळखीचं तर मागून येत नाही ना? राजूच्या शाळेतला एखादा मास्तर, एखादा पालक. फोटो काढून नितीनला पाठवायला किती वेळ लागतो आजकाल.

सौसर

सुखदेव मिस्त्रीचं दुकान म्हणजे रस्त्यालगत टिनाची शेड, आत भिंतीवर बुद्धाचा फोटो, त्याला झेंडूचा ताजा हार, खाली पान्हे मापाप्रमाणं ओळीनं टांगलेले. इतकं नीटनेटकं दुकान बघून माझा संशय वाढला. मिस्त्रीचं दुकान इतकं स्वच्छ असेल तर तो काम करतो कधी?

पंचावन्न-साठचा, सडपातळ माणूस. विठ्ठलरावांनी दोर सोडला, चहाही न घेता निघून गेले. सुखदेवनं आम्हाला दोन स्टुलं दिली, आणि तीही गाडीच्या अगदी समोर.

"इथं बसा. गाडीवाल्यानं समोर बसलेलं बरं असते."

"का?" मी विचारलं.

"मागून विचारतेत ना, हे कुठं गेलं अन् ते कुठं गेलं. तुमीच पाहा, अन् मंग काही विचारू नका."

त्यानं जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि जे जे काढलं ते ते काढल्या क्रमानं त्यावर मांडत गेला. क्लिप, पाइप, झाकण. इतका सरळ वागणारा माणूस मला आयुष्यात कमी भेटलाय, म्हणून मी स्टूल आणखी पुढं घेतलं.

पाइप वाकवून त्यानं मला दाखवला. मी आवळलेल्या क्लिपच्या बरोबर खाली रबर चिरलं होतं, उभी बारीक चीर. गाडी थंड असताना चीर मिटलेली राहते, तापली की उघडते.

"इथून पाणी उडालं अन् सरळ प्लगवर पडलं. म्हणून गाडी मिस मारून राहिली. हे दोन आजार नाहीत बाई, एकच हाय."

मला पटलं, पण तोंडावर दाखवलं नाही. मग त्यानं प्लगच्या वायरी काढल्या, लांब पान्ह्यानं तिन्ही प्लग काढले आणि हातावर घेऊन थबकला. माझ्याकडं बघितलं, प्लगकडं बघितलं.

"हे लाल काय हाय?"

"ठिपका आहे."

"ते दिसून राहिलं. कायले?"

ताई मधे पडली. "अदलाबदल होऊ नये म्हणून. तिले कोणावर भरोसा नाही."

मला वाटलं, आता हा चिडणार. तो हसला. गालात, आवाज न करता. "आमच्या मायनं बी असंच केलं. लग्नाच्या पंगतीले भांडे देले की गंज-परातीवर ठिपका मारे. पण प्लगवर? हे मी पहिल्यांदाच पाह्यलं." मग त्यानं तिन्ही प्लग वर्तमानपत्रावर ठेवले, ठिपके माझ्याकडं करून. "मोजा. तीन हायत. तुमचेच हायत."

ठिपके उष्णतेनं तपकिरी झाले होते पण माझेच होते. तिसऱ्याची चिनीमाती तडकलेली होती, तापलेल्या प्लगवर पाणी उडून. बाकीच्या दोघांची टोकं झिजून गोल झालेली. हे तर मलाही दिसत होतं, चष्म्याशिवाय.

"एकच बदला," मी म्हटलं.

"बदलतो. पण मंग दोन म्हातारे अन् एक जवान, असं काम होईन. जवान जोर लावन, म्हातारे दम खातीन."

"आमच्याकडं बघून बोलताय का?" ताईनं विचारलं.

"नाही जी, प्लगचं सांगून राहिलो."

तिन्ही बदलायचं ठरलं. नवे प्लग बसवायच्या आधी त्यानं करवतीच्या पात्याचा तुकडा घेतला आणि प्रत्येकाच्या टोकाच्या फटीतून सरकवून पाहिला. पातं अडकत अडकत गेलं की फट बरोबर. आणि प्लग घालताना पान्हा नाही लावला. आधी नुसत्या बोटांनी फिरवत आत नेला, शेवटी पान्ह्यानं थोडासा आवळला. म्हणाला, सुरुवातीलाच पान्हा लावला आणि आटे वाकडे बसले तर सगळं इंजिन उघडावं लागतं. आमच्याकडच्या गॅरेजमध्ये पहिल्यापासून पान्हा लावतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. मी तिथंच मनात नोंद केली, ह्यापुढं प्लग मी स्वतः घालणार.

मग त्यानं रेडिएटरच्या खालचा बूच काढला आणि तगारी लावली. पिवळं पाणी आलं. पिवळं म्हणजे अगदी सणाच्या दिवशी घट्ट वरण करतात तसं. मी स्टुलावरून उठलेच.

"हे काय घातलंत तुम्ही?"

"मी?" सुखदेव म्हणाला. "मी तं अजून काढूनच राहिलो."

"माझ्या गाडीत असं पाणी नव्हतं. मी स्वतः भरलंय सकाळी, नळाचं."

त्यानं तगारीत बोट बुडवलं, वास घेतला. मग शांतपणे एकदा ताईकडं पाहिलं, तिच्या हातांकडं पाहिलं, आणि म्हणाला, "होते असं. जुन्या गाडीत जमते काही काही."

आता हा काहीतरी लपवतोय हे मला कळलं. फक्त कोणासाठी लपवतोय ते कळायला मला आणखी एक मिनिट लागलं. ताई पलीकडच्या कोंबड्यांकडं इतकं लक्ष देऊन बघत होती की जणू त्या आमच्याच आहेत. आणि पदरात लपवलेली तिची बोटं.

"ताई."

"काय वं?"

"हात दाखव."

लहानपणी आई म्हणायची तसं मी म्हटलं आणि पासष्टी उलटलेली माझी बहीण हात पुढं करून उभी राहिली.

"एक चमचा टाकला," ती म्हणाली. "तुह्ये भाऊजी जीपमध्ये टाके. पाणी गळलं की हळद टाकायची, फुगून भोक बुजते. इथले संत्र्याचे ट्रकवाले बी टाकतेत. मले वाटलं, राजूनं पुन्हा तो डाग पाहिला तर आजबी जाणं होत नाही."

सुखदेवनंच सांभाळून घेतलं. "टाकतेत ना. घरी पोचाले पुरते कधी कधी. पण बारीक नळ्या चोंदतेत, मंग पाणी फिरत नाही अन् इंजिन तापते." त्याला सकाळपासूनच्या प्रकाराची कल्पना आली होती आणि म्हातारीचा मान राखायला तो गप्प बसला होता. आणि मी त्याच्यावरच धावून गेले होते. माफी मागायची सवय मला नाही. मी फक्त म्हटलं, चहा कुठं मिळतो इथं, मी आणते. त्यानं त्याचा अर्थ बरोबर घेतला. म्हणाला, "बसा न जी, घरून येऊन राहिला."

नळाला पाइप लावून तो रेडिएटर उलट बाजूनं धूत बसला. मऊ पिवळा गाळ निघाला, निघून गेला. पण मग खालून खरपुडीसारखे कडक, तपकिरी तुकडे पडायला लागले. त्यानं एक तुकडा तारेनं उचलला, नखानं मोडला. आत पिवळा.

"हे आजचं नाही. हे वाळून वाळून थर झालं. तीन-चार महिने तं झाले असतीन, पावसाळ्यातलं."

मी ताईकडं पाहिलं. "खरं सांग, किती टाकलीस?"

"एक चमचा म्हणून सांगितलं ना. देवाच्या दारात चालली, खोटं बोलीन का मी? अन् पावसाळ्यात मी तुह्या भुसावळले आली होती का?"

तेही खरं होतं. मग संशय पुन्हा मिस्त्रीवर गेला, थोडासाच, सवयीनं. काम वाढवून सांगायची ही पद्धत असेल. पण त्यानं काम वाढवलं काहीच नव्हतं. धुतलं, नवा पाइप आणि दोन नव्या क्लिपा लावल्या, स्वच्छ पाणी भरलं, किल्ली माझ्या हातात दिली. गाडी पहिल्या फिरवणीत चालू झाली, आणि तिचा आवाज असा एकसारखा होता की मला हे चालवायचे ते दिवस आठवले. त्यानं इंजिन तापेपर्यंत चालू ठेवायला लावलं. काटा मधोमध येऊन थांबला. थेंब नाही. जुने तीन प्लग मी कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकले. त्यानं बघितलं आणि हात पुसायला फडकं घेतलं.

जामसावळी

इथला हनुमान उभा नाही, झोपलेला आहे, शेंदरानं माखलेला. गर्दी होती, पण म्हाताऱ्या बायकांना लोक वाट देतात. ताईनं नारळ वाहिला, कपाळ टेकलं आणि बराच वेळ उठलीच नाही. गुडघ्यामुळं की भक्तीमुळं, ते मी विचारलं नाही. मग माझ्या खांद्याला धरून उठली आणि हळूच म्हणाली, "देवाच्या बेंबीतून पाणी येते म्हणतेत, ते तीर्थ असते."

"माझ्या गाडीतून आलं ते काय होतं मग?"

"तेही तीर्थच समज. त्याच्यानंच तं इथवर आली मी."

बाहेर येऊन आम्ही पारावर संत्री सोलत बसलो. पाच वाजले. नितीनचा फोन रोज पाचला येतो. पर्समधून फोन काढेपर्यंत माझं मन दोनदा फिरलं. विठ्ठलराव सांगणार नव्हते, सुखदेव सांगणार नव्हता, ताईनं शपथ घेतली होती. मी नुसतं 'मजेत आहे' म्हटलं असतं तर गाडी माझीच राहिली असती. पण उद्या मी परत जाणार, त्याच्यासमोर बसून जेवणार. दिवसभर मी जगाला खोटं ठरवत फिरले होते, आता स्वतःच खोटं बोलायचं म्हणजे कठीण.

"नितीन," मी म्हटलं, "टोचन लागलं. ट्रॅक्टरनं ओढलं, चौदा किलोमीटर. मिस्त्रीनं सगळं नीट केलंय, पण लागलं ते लागलं. आल्यावर गाडी विकू."

तो म्हणाला, "काय झालं होतं?"

"पाइप चिरला होता. आणि रेडिएटर चोंदलं होतं."

"हळदीनं रेडिएटर कसं काय चोंदेल?"

मी संत्र्याची फोड तोंडात घालणार होते, ती तशीच हातात राहिली.

"मी हळदीचं नाव घेतलं नव्हतं, नितीन."

मी ती फोड तोंडात घातली आणि सावकाश चावली, घाई नव्हती मला.

"आई, श्रावणात गळायला लागली होती," तो शेवटी म्हणाला. "तू म्हणालीस मिस्त्रीकडं नेऊन ये. मला वेळच मिळेना. ऑफिसातल्या एकानं सांगितलं, मूठभर हळद टाक, बंद होतं. बंद झालंही होतं."

"मूठभर?"

"दोन मुठी."

आणि मला तेव्हा म्हणाला होता, दाखवून आणली, काम झालं. म्हणजे ह्याला माहीत होतं. अट घालतानाचा तो निश्चिंतपणा. राजूला केलेले ते फोन. मी विचारलं तेही. तर म्हणाला, "फोन मी काळजीनं केला, आई. तुला खरं सांगायची लाज वाटत होती, म्हणून राजूला म्हटलं, पाणी बघत जा."

ताईनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "नित्या, मी एक चमचा टाकला अन् तू दोन मुठी. आता सांग बापू, गाडी कोणी ओढायला लावली? तुह्या मायनं तं काही टाकलं नाही." पलीकडून तो काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. ताईनं फोन परत दिला आणि म्हणाली, "विकत नाही म्हणे."

"मी विश्वास नाही ठेवत," मी फोनमध्ये म्हटलं. "इथं येऊन सांग."

परत

तो खरंच आला. रजा टाकून, नागपूरला गाडी बदलून, तिसऱ्या दिवशी पांढुर्णा स्टेशनवर उतरला. ताईच्या पाया पडला. बॉनेट उघडून सुखदेवचं काम बघितलं आणि म्हणाला, चांगला माणूस दिसतो. राजू बाजूला उभा राहून आम्हा दोघांकडं आलटून पालटून बघत होता. त्याला मी ताईच्या चमच्याबद्दल सांगितलं नाही, आणि पुढच्या महिन्यात ताईला माहूरला मी नेणार हे मात्र सांगितलं.

निघताना नितीननं किल्लीसाठी हात पुढं केला. मी दिली नाही. तो गुपचूप बाजूच्या सीटवर बसला. वरूडपर्यंत त्याची नजर काट्यावर. मोर्शीला म्हणाला, आई, जरा थांबव, खाली वाकून पाहतो. पाहिलं, काही नव्हतं. अमरावतीच्या गर्दीत त्यानं दोनदा नसलेला ब्रेक पायानं दाबला. मी बघितलं आणि गिअर बदलला.

मूर्तिजापूरच्या पुढं रस्ता सरळ लागतो. तिथं केव्हातरी त्याची मान खिडकीला टेकली. मी दोनदा वळून पाहिलं, खरंच झोपलाय की सोंग करतोय. तोंड उघडं होतं, घोरत होता. मी काच वर केली आणि अकोल्यापर्यंत हॉर्न वाजवला नाही.